ब्रेक लावला की गाडी कुणीकडे ओढते?



ऊस पिवळा पडला की आपल्यातले काही जण आधी युरियाचे पोते फोडतात. मुळाशी पाणी साचले की हुमणी लागली, हे मागाहून पाहतात. गाडीच्या ब्रेकबाबत आम्हीही तसेच वागलो, म्हणून हे चार शब्द.

दिवाळीच्या सुमारास पूर्वहंगामी लागण पाहण्यासाठी आम्ही अकोटहून पोपटखेडकडे निघालो होतो. समोर बैलगाडी आली. ब्रेक दाबताच आमची जीप डावीकडे ओढली जाऊन रस्त्याखाली उतरली. कुणाला लागले नाही, हे नशीब. डावीकडे ओढते म्हणजे डावे चाक बिघडले, असे समजून आम्ही डावीकडचे ब्रेक पॅड बदलून घेतले. पैसे गेले, ओढ कायम! शेवटी आमच्या ड्रायव्हरने थोडे अंतर गाडी चालवून, ब्रेक लावून, दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला. म्हणाला, "सायेब, उजवं चाक तं थंडगार हाये. याले ब्रेकच लागत नाही!" खोलून पाहिले तर उजव्या कॅलिपरचा पिस्टन गंजून जाम झालेला. रबरी बूट फाटून काळ्या मातीचा चिखल आत गेला होता.

धडा असा, की ब्रेक लावल्यावर गाडी ज्या बाजूला ओढते, त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो. दोष पुष्कळदा दुसऱ्या बाजूला असतो. ब्रेक न लावताही ओढत असेल, तर आधी टायरची हवा पाहावी, मग अलाइनमेंट.

ब्रेक फारसा न वापरताही एकच चाक तापत असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग घट्ट झाले आहे. हात मात्र जवळ धरावा. डिस्कला लावू नये, भाजतो.

चाकातून घूं-घूं आवाज येतो आणि उजवीकडे वळताना वाढतो, तर डाव्या बेअरिंगचा संशय घ्यावा, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो. गाडी सपाट जागी जॅकवर घेऊन, खाली भक्कम आधार देऊन, चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खेळ थांबला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. आडवे धरून हलवताना खेळ आला, तर स्टीअरिंगचे टायरॉड तपासावेत.

पेडल स्पंजासारखे लागले तर ऑइलमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसले तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. ओलावा धरलेल्याचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंतही उतरू शकतो. मेळघाटच्या उतारावर ते उकळले की वाफ होते आणि पेडल रिकामे जाते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलावे, इंजिन ऑइल त्यात कधीही टाकू नये आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

रोग ओळखल्याशिवाय औषध नको, हे आम्ही आपल्याला फडात सांगतो. ते आधी स्वतः पाळायला हवे होते. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, शाळेची पोरे सगळीच असतात. गाडी जरा ओढते, असे वाटले त्याच दिवशी ती तपासून घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी