विक्रेत्यांचा कोटा कसा ठरवावा?

हुबळी-धारवाडच्या घाऊक पेढ्यांचा हिशेब आता संगणकावर होऊ लागला आहे. फिरत्या विक्रेत्यांचा इन्सेंटिव्ह आकारणारी सॉफ्टवेअरेही उपलब्ध आहेत. कोणी किती माल विकला व त्यास किती रक्कम देय झाली, हे ती क्षणार्धात सांगतात. परंतु कोणाचा कोटा किती, हे मात्र आपणच त्यांस सांगावे लागते. या एका आकड्यावर विक्रेत्याच्या घरचा खर्च आणि पेढीची वसुली, ही दोन्ही अवलंबून असतात. म्हणून हा विचार सभासद बंधूंपुढे ठेवीत आहे.

समजा, एका धान्यपेढीचे वार्षिक उद्दिष्ट १२,००० क्विंटल असून विक्रेते तीन आहेत. प्रत्येकी ४,००० अशी वाटणी दिसावयास न्याय्य, पण वस्तुतः अन्यायाची होय. प्रथम प्रत्येक भागाची मागील तीन वर्षांची सरासरी पाहावी. हुबळी शहराची ५,४००, कारवार-अंकोल्याची ३,६०० व गोव्यातील नव्या पेठेची २,००० अशी ती धरू. एकूण ११,००० झाले. वाढ हवी १,००० ची. ही वाढ जेथे अद्याप माल न घेणारी दुकाने अधिक, तेथे अधिक घालावी. शहरातील बहुतेक दुकाने आपलीच गिऱ्हाइके असल्यास तेथे २००, किनाऱ्यावर ३०० आणि गोव्यात ५०० योग्य ठरतील. अशा रीतीने कोटे अनुक्रमे ५,६००, ३,९०० व २,५०० होतात.

यानंतर महिन्यांची वाटणी. वर्षाचे बारा समान भाग करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते; तिचा मोह टाळावा. यल्लापूरहून अरबैल घाट उतरून जाणाऱ्या विक्रेत्याचा जून ते सप्टेंबरचा धंदा इतर महिन्यांसारखा कसा असेल? त्याच्या ३,९०० पैकी त्या चार महिन्यांस १,००० व उरलेल्या आठांस २,९०० द्यावेत. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे दरड कोसळून राष्ट्रीय महामार्ग बंद पडला, तशा प्रसंगी कोटा कमी करण्याचा नियमही आधीच लिहून ठेवावा.

कोटा रुपयांत न ठेवता क्विंटलांत ठेवावा. तुरीचा भाव चढला की रुपयांतील कोटा श्रमावाचून पुरा होतो, आणि उतरला की कष्टाळू माणूसही मागे पडतो.

इन्सेंटिव्हचे टप्पे सोपे असावेत. उदाहरणार्थ, कोट्याच्या ८० टक्क्यांपर्यंत काही नाही, तेथून १०० टक्क्यांपर्यंत क्विंटलमागे १० रुपये व त्यापुढे १५ रुपये. किनाऱ्याच्या विक्रेत्याने ४,१०० क्विंटल विकल्यास ७८० क्विंटलांचे ७,८०० व वरील २०० चे ३,००० मिळून त्यास १०,८०० रुपये मिळतील. हा हिशेब त्यास स्वतः कागदावर करता आला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, विक्री केव्हा झाली असे धरावयाचे. मागणी नोंदताना, बिल होताना की रक्कम जमा झाल्यावर, हे सॉफ्टवेअरमध्ये निवडता येते. आपल्या उधारीच्या धंद्यात रक्कम जमा झाल्यावरच ती धरावी, आणि परत आलेला माल वजा करावा. अन्यथा मार्चअखेर दुकानदाराच्या गळ्यात पोती घालून एप्रिलमध्ये परत घेण्याची चाल पडते. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या अवाजवी उद्दिष्टांपायी नोकरांनी ग्राहकांच्या संमतीवाचून लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेस १८.५ कोटी डॉलर दंड झाला. बँकेने सुमारे ५,३०० नोकरांस काढून टाकले. परंतु ती उद्दिष्टे त्यांनी ठरविलेली नव्हती.

म्हणून कोटा सॉफ्टवेअरमध्ये भरण्यापूर्वी विक्रेत्यास समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकावे. वर्ष सुरू होण्याआधी तो लेखी द्यावा, आणि त्याने अधिक कमाविले म्हणून वर्षाच्या मध्येच वाढवू नये. एकदा तसे झाले, तर पुढील वर्षी तो हातचा राखूनच काम करील, आणि पेढीस आपल्या पेठेचा खरा आवाका कधीच कळणार नाही.