सर्व्हरचे झाकण उघडताना

सर्व्हर बंद केला की तो निर्जीव झाला, असे मी समजत होतो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात झाकण सरकवले, तर आत हिरवा दिवा जळत होता. त्या यंत्रात एका पतपेढीची सगळी खाती होती. हात तसाच मागे घेतला. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, मी एकच केबल काढली होती. आता दोन्ही काढतो, दिवा विझेपर्यंत थांबतो, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतो. स्थिर विजेचा चटका आपल्याला साधारण ३००० व्होल्टला जाणवतो. नाजूक चिप १०० व्होल्टखालीही निकामी होऊ शकते. काम संपल्यावर झाकण लावायचेच. पंख्यांची हवा पुढून मागे, सगळ्या भागांवरून वाहते ती झाकणामुळे. उघडा सर्व्हर थंड राहत नाही, उलट तापतो.