बॉक्सवर ‘गिफ्ट’ लिहिलं म्हणून सतार भेट होत नाही

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझं काम फार छोटं आहे. मी वाद्यं बनवत नाही, वाजवत तर नाहीच. चार-पाच कारागिरांच्या सतारी, तंबोरे परदेशी जातात, त्यांचे फॉर्म भरून देतो. आणि गेली कित्येक वर्षं महिन्यातून दोनदा तरी एकच मेसेज वाचतो : ‘काका, बॉक्सवर प्लीज गिफ्ट लिहा आणि किंमत थोडी कमी टाका. इकडे कस्टम फार लावतात.’

मेसेज पाठवणारी माणसं सज्जन असतात. कधी न्यू जर्सीत मुलांना गाणं शिकवणाऱ्या बाई, कधी लंडनमध्ये सतार शिकणारा विद्यार्थी. कुणालाही आपण काही गैर सांगतोय असं वाटत नाही. आणि इकडे कारागीर मान डोलावतो. ‘गिऱ्हाईक म्हणतंय तर लिहू की. आपलं काय जातं?’

या ‘आपलं काय जातं’चं उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता एकदाच लिहून काढतो.

आधी साधी गोष्ट. पोस्टाने वस्तू परदेशी पाठवताना जो सीमाशुल्क फॉर्म भरतात (कमी किमतीला सीएन २२, जास्त किमतीला सीएन २३), त्यावर वस्तू कशासाठी चालली आहे याचे चौकोन असतात. भेट, विक्री, नमुना, परत जाणारा माल वगैरे. पैसे घेऊन दिलेली वस्तू ही विक्री. देणारा-घेणारा एकमेकांच्या नात्यातले असले, गुरुबंधू असले, दोघं गुरुपौर्णिमेला एकाच सतरंजीवर बसत असले तरी विक्रीच. कस्टमच्या लेखी भेट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, काहीही मोबदला न घेता पाठवलेली वस्तू.

बरं, भेट खरी असली तरी काय? भेटीलाही मर्यादा असते. अमेरिकेत एका माणसाला एका दिवशी १०० डॉलरपर्यंतची भेट करमुक्त. ब्रिटनमध्ये व्हॅटमधून सूट ३९ पौंडांपर्यंत. युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत. हे आकडे त्या-त्या देशाच्या कस्टमच्या संकेतस्थळांवर आहेत, माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघून घ्या. आता सांगा, ३९ पौंडांत सतार येते? घोडी, नख्या आणि तारांचे दोन संच येतील फार तर. साठ हजारांची सतार आत्याने भाच्याला अगदी मनापासून भेट पाठवली, तरी तिथे कराचा हिशोब होणारच.

मग हा समज इतका घट्ट का बसला? याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना आत जात होता. भेट असो, विक्री असो, फरक नव्हता. २०२४ च्या भावाने ८०० डॉलर म्हणजे साधारण सहासष्ट हजार रुपये. आपल्याकडच्या बऱ्याच सतारी, तंबोरे, तबल्याच्या जोड्या त्या रेषेच्या खालीच असत. त्यामुळे ‘गिफ्ट’ लिहून पाठवलेली सतार विनाशुल्क पोचायची आणि शिक्का बसायचा : बघा, गिफ्ट लिहिलं म्हणून सुटलं! विक्री म्हणून खरी किंमत लिहिली असती, तरी ती सुटलीच असती. काम ८०० च्या आकड्याने केलं आणि श्रेय त्या एका शब्दाने खाल्लं.

ती रेषा आता राहिलेली नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ही सवलत सगळ्या देशांसाठी थांबवली. गडबड एवढी झाली, की आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणंच बंद केलं. ती सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, पण शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी भरून घेण्याच्या अटीवर. त्या वेळी भारतीय मालावर घोषित किमतीच्या ५० टक्के दर होता. हा आकडा पाठ करू नका, हे दर बदलत राहतात. पार्सल ज्या दिवशी टाकायचं त्या दिवशी दर बघायचा.

युरोपात तर हे त्याआधीच झालं होतं. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट काढून टाकली. त्याच वर्षी १ जानेवारीपासून ब्रिटनची पद्धत बदलली. तरी २०१९ मध्ये कुणाची तरी सतार कशी सुखरूप सुटली होती, याची गोष्ट मला आजही ऐकवली जाते.

आता ‘आपलं काय जातं’कडे येऊ. समजा, सतार ६५,००० ची आहे आणि फॉर्मवर लिहिलंय : भेट, ४,००० रुपये.

पहिलं, पैसे. गिऱ्हाइकाने ६५,००० बँकेत पाठवले. परकीय चलनाच्या कायद्यानुसार निर्यातीची पूर्ण किंमत जाहीर करायची आणि तेवढी रक्कम देशात आणायची असते. तुमच्या खात्यात निर्यातीचे ६५,००० जमा आणि तुमच्या सहीचा कागद म्हणतो चार हजारांची भेट. उद्या बँकेने कागद मागितले, तर कोणता दाखवणार?

दुसरं, इथलं कस्टम. पुष्कळांना वाटतं, खोटं लिहिलं तरी त्रास झाला तर तिकडे होईल, गिऱ्हाइकाला. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम ११४अअ काढून वाचा. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड. ही तरतूद ‘हेतू चांगला होता’ हे विचारत नाही.

तिसरं, आणि कारागिराला खरं झोंबणारं : फुटतूट. सतारीचा भोपळा म्हणजे वाळवलेलं फळ. तो विमानतळावर एकदा आपटला की संपला. आमच्या गल्लीतल्या एका तंबोऱ्याचं असंच झालं. भोपळ्याला दांडीच्या मुळापासून तडा. विमा होता. पण विमा कशाचा? जाहीर केलेल्या किमतीचा. फॉर्मवर तीन हजार होते. कारागिराने दोन महिने खपून केलेल्या वाद्यापोटी हातात जे आलं, त्यात नवा भोपळा आणि त्याच्यावरची नक्षीही झाली नसती. त्या दिवसापासून त्या कारागिराला मला काही समजावावं लागलेलं नाही.

चौथं, वाद. ऑनलाइन पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला तक्रार करायला भरपूर मुदत असते, पेपालवर १८० दिवस. ‘वाद्य वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून त्याने पूर्ण रक्कम परत मागितली की तुम्ही पुरावे काढायला बसता. फोटो, मेसेज, बिल. आणि त्या ढिगाऱ्यात सगळ्यात वर तुमच्याच सहीचा फॉर्म, की वस्तू चार हजारांची होती. ज्याने ‘गिफ्ट लिहा’ म्हटलं, त्याची सही त्यावर नसते, इथला दंडही त्याला होत नाही. त्याचा कर वाचवायचा आणि जोखीम आपण घ्यायची. याला मदत म्हणतात की आणखी काही, तुम्ही ठरवा.

आता याच्या जोडीचा दुसरा गैरसमज, भांडणं सगळी इथूनच सुरू होतात : ‘सतारीचे पैसे दिले, पाठवणीचे दिले, आता आणखी कशाचे?’ लंडनचं उदाहरण घ्या. सतार ६०,००० ची आणि विमानाचं भाडं, समजा, २०,०००. भाडं एवढं का? कारण कुरिअरवाले वजनापेक्षा आकार मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचं. १३५, ४५, ४० चा खोका झाला की हिशोबातलं वजन ४८ किलोच्या वर जातं, आतली सतार काही किलोंचीच का असेना. आणि ब्रिटन, युरोपीय संघ कर लावतात तो भाडं आणि विमा धरून. म्हणजे ८०,००० वर २० टक्के व्हॅट, १६,००० रुपये. सीमाशुल्क असेल तर तेही आधी मिळवायचं. अमेरिका मात्र आंतरराष्ट्रीय भाडं वगळून मोजते. हे सोळा हजार ना मिरजेत येतात, ना दिल्लीत. ते ब्रिटिश सरकारचे. पण दारात कुरिअरवाला उभा राहून मागतो, तेव्हा गिऱ्हाईक फोन मिरजेला करतं.

आणि गिऱ्हाईक पैसे भरायला नाही म्हणालं, तर पार्सल तिथल्या गोदामात पडून राहतं, मग परत निघतं. परतीचं भाडं बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या माथी. म्हणून बिलावर तीन अक्षरं हवीत. ‘डीएपी’ म्हणजे माल दारापर्यंत आमचा, तिथला कर तुमचा. ‘डीडीपी’ म्हणजे करही आम्ही भरलेला, किमतीत धरलेला. कोणतंही चालेल. काहीच न लिहिणं तेवढं चालत नाही.

परत आलेल्या सतारीचं काय? ‘आपलीच वस्तू, तिला कसली ड्यूटी’ हाही एक भ्रम. कायद्याने ती आयात ठरते. मात्र ४५/२०१७ क्रमांकाच्या अधिसूचनेत सोय आहे. निर्यात झालेली वस्तू तीन वर्षांत परत आली आणि ती तीच आहे हे पटवता आलं, तर सूट मिळते. पटवायचं कशाने? निर्यातीच्या कागदाने. जो ‘भेट, ४,०००’ म्हणतो. आलं ना ध्यानात, फिरून कुठे येतं ते?

बाकीचे समज पटापट उरकतो.

‘वापरलेल्या वाद्याला कस्टम नाही.’ आहे. किंमत जुन्या वाद्याची धरतील, इतकंच. आणि वाद्य शंभर वर्षांहून जुनं असेल तर वेगळीच पंचाईत : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ते बसत असेल, तर ते देशाबाहेर विकताच येत नाही. आजोबांचा तंबोरा पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नव्हे’ असा दाखला घ्या.

‘मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय मिळालं, आता ड्यूटी माफ.’ जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ते नावाचं रक्षण करतं. कराशी त्याचा संबंध नाही.

‘कुरिअर कंपनी कस्टमच्या नावाखाली लुटते.’ अर्धं खरं. कर सरकारचा, पण तो आगाऊ भरून देण्याबद्दल कंपनी स्वतःचा आकार लावते. पावतीवर दोन्ही ओळी वेगळ्या असतात, वाचाव्यात.

‘शिसवी लाकूड असेल तर परवाना लागतोच.’ २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातकुळीवर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आलं होतं, तेव्हा हे खरं होतं. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझीलच्या शिसवाला ही सूट नाही, त्यामुळे जुनी परदेशी गिटार विकणाऱ्यांनी जपावं. आपली सतार बहुधा तुणाच्या लाकडाची. तुणाचं जुनं शास्त्रीय नाव ‘सेड्रेला तूना’, आणि सेड्रेला म्हटलं की साइट्सची यादी आठवते, कारण अमेरिका खंडातला सेड्रेला २०२० पासून तिच्यात आहे. बिलावर आजचं नाव लिहा, ‘तूना सिलिआटा’. हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची घोडी असेल तर मात्र पाठवायचा विचारच सोडा, तिथे गाठ वन्यजीव कायद्याशी आहे.

‘सुताराकडून मजबूत लाकडी पेटी करून घेतली, आता काळजी नाही.’ काळजी तिथूनच सुरू. पॅकिंगच्या कच्च्या लाकडाला ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, नाहीतर आतल्या सतारीसकट पेटी अडते. प्लायवूडला हा नियम नाही. प्लायची पेटी करा.

‘एखाद-दुसरं वाद्य विकायला निर्यात परवाना कशाला?’ धंद्यासाठी पाठवताय तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक हवा, ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. टपालाचं निर्यातीचं बिलही आता डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर भरता येतं.

राहिला तो मेसेज. त्याला काय उत्तर द्यायचं, हे कारागीर मला नेहमी विचारतात, कारण गिऱ्हाईक तुटायची भीती असते. मी त्यांना खालचा मजकूर लिहून दिलाय. हवा तर तुम्हीही घ्या, पैसे येण्याआधी पाठवा :

‘नमस्कार. वाद्य विक्री म्हणून आणि खऱ्या किमतीनेच जाईल. विमाही त्याच किमतीचा असेल, म्हणजे वाटेत काही झालं तर तुमचे पूर्ण पैसे सुरक्षित राहतील. तुमच्या देशातला कर तुम्हाला भरावा लागेल. तो अंदाजे किती, हे तिथल्या कस्टमला किंवा कुरिअरला आधी विचारा. सतारीचा कोड ९२०२ ने सुरू होतो. आकडा जमत असेल तरच ऑर्डर पक्की करा.’

हे वाचून ऑर्डर सोडून देणारे निघतात, नाही असं नाही. ते कर भरायलाही नाही म्हणाले असते, फक्त तेव्हा सतार लंडनच्या गोदामात असती.