कूलरसमोरची जागा कोणाची?

मे महिन्यात यवतमाळ, वणी, पुसदकडे पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही; जीभ काढून, धापा टाकूनच तो अंग निववतो. मग घरात तीन-चार पामेरियन असतील, तर कूलरसमोरच्या गार फरशीवर कोण बसणार?

‘जो म्होरक्या तो!’ असे तुम्ही म्हणाल. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, आणि १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी लांडग्यांमधील अशा चढाओढीचे वर्णन केले होते. पण ते लांडगे पिंजऱ्यातले होते. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची पिल्ले, असे डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये मांडले.

घरातही एकच कुत्रा सदासर्वदा म्होरक्या नसतो. फरशीसाठी एक हट्टी, तर पोळीसाठी दुसरा! बाकीचे खुणांनी माघार घेतात. मान वळवणे म्हणजे ‘भांडण नको’. पुढचे पाय टेकून पाठीमागचा भाग उंचावणे म्हणजे ‘चल, खेळू’. गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना. त्याबद्दल मारले, तर कुत्रे पुढे सूचना न देताच चावू शकते.

म्हणून मित्रांनो, प्रत्येकाला वेगळ्या भांड्यात, दूरदूर खायला द्या. पाणीही दोन-तीन ठिकाणी ठेवा. भांडण जुंपले, तर मध्ये हात घालू नका. चावलेच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठा. कुत्रे इवलेसे असले, तरी रेबीज प्राणघातकच असतो.