तेरेखोलचा पैलतीर

कोल्हापूरहून गोव्यास जातांना सीमा म्हणजे काय हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें आंबोलीच्या वाटेनें जावें. कागलपुढें दूधगंगा ओलांडली कीं कर्नाटक लागतें. निपाणी मागें टाकून आजऱ्याकडे वळलें कीं पुन्हां महाराष्ट्र. १९५६ सालीं आखलेली ही सीमा. पण दोन्ही बाजूंस ऊंस तोच आणि घराघरांतील मराठीहि तीच.

पुढें आंबोलीस सृष्टीनेंच आखलेली सीमा भेटते. येथें उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेस आजऱ्याकडे धांवते. घाटाखालचे ओहोळ मात्र पश्चिमेस समुद्र गांठतात. घाट उतरून सावंतवाडीवरून आरोंद्यास आलें, कीं तेरेखोल नदी आडवी येते. पैलतीरीं किरणपाणी, म्हणजे गोवा. एके काळीं येथें होडीवांचून गति नव्हती. आतां पूल झाल्यामुळें मोटार पाहतां पाहतां पलीकडे जाते.

परंतु ही नदी सीमा झाली कशी, हें कोल्हापूरकरांनीं तरी विसरूं नये. पलीकडील पेडणें महाल पूर्वीं सावंतवाडीकर भोसल्यांचा. तिसरे खेम सावंत यांस शिंद्यांच्या सोयरिकीमुळें दिल्लीच्या बादशहाकडून 'राजे बहादूर' हा किताब मिळाला. तो करवीर दरबारास सहन झाला नाहीं. वर्षानुवर्षें लढाया चालल्या. अखेर जेरीस आलेल्या वाडीकरांनीं पोर्तुगीजांची मदत मागितली आणि तिच्या मोबदल्यांत १७८८ सालीं पेडणें त्यांच्या पदरांत घातलें. दोघे भाऊ बांधावरून भांडतात आणि शेत सावकाराच्या घरीं जातें, त्यांतलाच हा प्रकार!

नदीच्या मुखाजवळील तेरेखोलचा किल्ला तर पोर्तुगीजांनीं १७४६ सालींच जिंकला होता. तो उत्तर तीरावर, म्हणजे आपल्या बाजूस. तथापि तेवढा तुकडा आजहि गोव्याचाच. तेथील ग्रामस्थांस आपल्याच तालुक्याच्या गांवीं, पेडण्यास, जावयाचें तर फेरीबोटीनें केरीस उतरावें, नाहीं तर महाराष्ट्रांतून वळसा घालावा. १५ ऑगस्ट १९५४ रोजीं सत्याग्रह्यांनीं याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला आणि दोन सत्तांमधील ही सीमा एकाच देशांतली झाली.

किरणपाण्याचा पूल ओलांडतांना मुलें विचारतात, "गोवा आला का?" नुसतें "आला" म्हणून गप्प बसूं नये. आपल्याच माणसांच्या हेव्यादाव्यानें ही रेषा ओढली गेली, एवढें त्यांस सांगावें. ज्या घरांत वाटणीच्या गोष्टी निघतात, तेथें तर ती हकीकत मोठ्यांनींहि ऐकण्यासारखी आहे.