थांबून परत आलेली नायिका

रोज रात्री घरात येणाऱ्या नायिकेला प्रेक्षक तिच्या मालिकेतल्या नावानेच ओळखतात. नाशिकच्या मृणाल दुसानीसला दहा वर्षांत अशी चार नावं मिळाली : शमिका, मंजिरी, जुई आणि अनु. नवी मालिका आली की आधीचं नाव पुसलं जायचं, आणि ते पुसता येणं हेच या कामातलं खरं कसब आहे.

‘महाराष्ट्राचा सुपरस्टार’ या स्पर्धेतून ती पुढे आली. २०१० मध्ये झी मराठीवर ‘माझिया प्रियाला प्रीत कळेना’ सुरू झाली. तिचा नायक अभिजीत खांडकेकर, तोही त्याच स्पर्धेतला आणि नाशिकचाच. २०१२ मध्ये ‘तू तिथे मी’ आली. चिन्मय मांडलेकरने रंगवलेल्या तापट सत्यजितसमोर मंजिरी सोसणारी होती, तरी मृणालने तिला रडवी होऊ दिलं नाही. मला तिचं सगळ्यात चांगलं काम तेच वाटतं. दैनंदिन मालिका क्लोजअपवर चालते. समोरचा बोलत असताना आपला चेहरा जिवंत ठेवणं अवघड असतं, आणि ते तिला फार छान जमतं.

हे काम किती पिळून काढतं, याची प्रेक्षकाला कल्पना नसते. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा, दिवसाला बारा तासांची शिफ्ट. आधीच चित्रित करून ठेवलेल्या पुढच्या भागांची ‘बँक’ बहुतेक वेळा थोड्याच दिवसांची. नायिका जवळपास प्रत्येक प्रसंगात असते, त्यामुळे ती आजारी पडली तरी कथानक वळवावं लागतं. मग लग्न, बाळंतपण यांना जागा कुठून मिळणार?

२०१६ मध्ये मृणालचं लग्न झालं, तेव्हा कलर्स मराठीवर ‘अस्सं सासर सुरेख बाई’ चालू होती. नवरा अमेरिकेत, शूटिंग इथे. तरी तिने ती मालिका केली आणि २०१८ मध्ये शशांक केतकरसोबत ‘हे मन बावरे’ही केली. त्यातली अनु ही तरुण विधवा, पुन्हा प्रेमात पडणारी. २०२० मध्ये ती मालिका संपल्यावर मृणाल अमेरिकेत संसारात रमली. २०२२ मध्ये ती आई झाली.

एकेकाळी बाईने कॅमेऱ्यासमोर येणंच अवघड होतं. १९१३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळेना, म्हणून तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली. त्याच जिल्ह्यातली मृणाल शंभर वर्षांनी घराघरात पोचली. बाईला कॅमेऱ्यासमोर येणं आता अवघड राहिलेलं नाही. घरी थांबून पुन्हा परतणं मात्र अजून अवघड आहे. चार वर्षं दिसली नाही की नायिकेला वहिनी किंवा आईच्या भूमिका सुचवल्या जातात.

मृणाल २०२४ मध्ये भारतात परतली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टार प्रवाहवर ‘लग्नानंतर होईलच प्रेम’मध्ये नंदिनी म्हणून उभी राहिली, तीही नायिका म्हणूनच. वाहिन्यांनी यातून एवढं तरी घ्यावं : बाळंतपणासाठी थांबलेल्या अभिनेत्रीची जागा कायमची भरून टाकू नये, तिच्यासाठी नवी भूमिका लिहावी. प्रेक्षक तिला विसरत नाहीत.