जीवसृष्टीचे सामाईक चलन

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने जीवशास्त्राच्या प्रांतात शिरावे, हे कोणास अनधिकार वाटेल. परंतु एकदा रूढ झालेली पद्धत सहसा का बदलत नाही, हा प्रश्न आमच्याही शास्त्राचा आहे. आणि त्याचे सर्वांत प्राचीन उदाहरण प्रत्येक पेशीत आहे.

पेशी आनुवंशिक संदेश वाचून प्रथिने तयार करते. संदेशाची अक्षरे चार. तीन अक्षरांचा एक शब्द धरला तर शब्द होतात ६४. त्यांपैकी ६१ शब्द वीस अमिनो आम्लांचा निर्देश करतात. उरलेले तीन म्हणजे पूर्णविराम. नीरेनबर्ग व मथाई यांनी १९६१ मध्ये पहिला शब्द उकलला आणि १९६६ पर्यंत सारा कोश सिद्ध झाला. या कार्याबद्दल १९६८ चे नोबेल पारितोषिक नीरेनबर्ग, हॉली आणि अविभाजित पंजाबात जन्मलेले हरगोविंद खोराना यांना मिळाले.

जिवाणूपासून माणसापर्यंत हा कोश जवळजवळ एकच आहे. म्हणूनच मधुमेहाच्या रुग्णांसाठी जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन करवून घेता येते. पण तो एकच का? क्रिक यांनी १९६८ मध्ये त्याला ‘गोठलेला अपघात’ म्हटले. शब्दांचे अर्थ प्रारंभी योगायोगाने ठरले असतील. पुढे मात्र एक अर्थ पालटला की असंख्य प्रथिने एकदम बिघडणार. आपण १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा केला. पण त्यासाठी शासन होते. पेशीत शासन कोठून आणावे?

तथापि केवळ योगायोग म्हणून भागत नाही. तिसरे अक्षर चुकले तरी पुष्कळदा आम्ल तेच राहते, किंवा त्याच्याशी मिळतेजुळते येते. फ्रीलंड व हर्स्ट यांनी १९९८ मध्ये संगणकावर दहा लाख पर्यायी कोश रचले. चुकांची हानी कमी करण्यात प्रचलित कोशाहून सरस ठरला केवळ एक!

अपवादही बोलका आहे. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांना स्वतःचा छोटा संदेश असतो. मानवी तंतुकणिकांत एका पूर्णविरामाचा अर्थ बदलला असल्याचे १९७९ मध्ये आढळले. त्यांच्या संदेशात प्रथिने अवघी १३. तेथे बदलाची किंमत अल्प होती.

एखादी रूढी टिकली म्हणून ती श्रेष्ठ ठरत नाही, आणि जुनी म्हणून निरर्थकही ठरत नाही. ती काय वाचविते आणि बदलास काय पडते, हा हिशेब आधी मांडावा. परंपरेचे अभिमानी आणि सुधारणेचे कैवारी, दोघांनीही.